तुझ्या गप्प जागा

४ जून

सगळं फिरलं ते परवा दुपारी. नवीन आलेली डिस्क संगणकाला जोडली, पडदा उजळला आणि कुणी बाई पाठमोरी उभी राहून फळा पुसताना दिसली. तू वळायच्या आधीच मी ओळखलं. अख्खं जग डस्टर आडवा फिरवतं, तू वरून खाली नेतेस, भिंत रंगवत असल्यासारखी.

मायना मुद्दाम घातलेला नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर पुढचं वाचणार नाहीस, आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला मी काय तुझा मामा आहे? फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून कागद. ज्या जाड पाकिटातून तुमच्या स्टुडिओतली डिस्क इकडे येते, त्याच पाकिटातून ती रिकामी होऊन परत जाते. त्यात हे सरकवतोय. तिकडे पाकीट तू उघडतेस की तो सारखा खोकणारा कॅमेरेवाला, देव जाणे. काका, तुम्ही वाचत असाल तर वाचून झाल्यावर तरी तिच्या हातात द्या.

तुला वाटत असेल, तू तिकडे उभी राहून शिकवतेस आणि लोक घरोघरी ते बघतात. तसं नाही. मधे मी आहे. ज्यांची शाळा सुटली, वय उलटलं आणि आता बाहेरून दहावीला बसायचंय, त्यांच्यासाठी ही वेबवरची शाळा; आणि तिचे धडे कापूनकुपून नीट करायचे ही माझी नोकरी. खोकला, अडखळणं, तुटलेला खडू, काकांचा ‘हां, चालू’, सगळं काढतो. नियम दोनच. धडा सात मिनिटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि एका सेकंदाहून लांब शांतता ठेवायची नाही. आमचे साहेब दिवसभर एक रेघ बघत बसतात. कुठल्या सेकंदाला किती माणसं धडा सोडून गेली, त्याची रेघ. आम्ही त्यांना ग्राफसाहेब म्हणतो. आम्ही म्हणजे मी. खोलीत मी एकटाच असतो. चारी भिंतींना स्पंज चिकटवलाय, टाळी वाजवली तरी जागच्या जागी मरून पडते.

तिसऱ्या धड्यात तू फळ्यावर लिहिलंस: अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग. वळलीस. खडू ठेवलास. आणि गप्प.

मी हेडफोन लावलेलेच असताना ओरडलो, ‘चूक!’

कॉलेजच्या जिन्याखाली अशीच शिकवायचीस मला. मुद्दाम चुकायचीस, आणि माझ्या तोंडून फुटेपर्यंत बघत बसायचीस. वर्गात तासभर जे डोक्यावरून जायचं, ते जिन्याखाली असं आपोआप तोंडातून बाहेर यायचं, जणू मलाच सुचलंय.

आणि मग ती शांतता मला कापावी लागली. कापली. नोकरी आहे. पण फेकली नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीय.

एवढंच कळवायचं होतं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. दिलंस तर पाकिटात दोन कागद मावतात.

१९ जून

नवीन डिस्क आली. पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटं फिरवली. डिस्कच होती. असो.

मी कसा आहे हे तू विचारलेलं नाहीस. मजेत आहे. खोली घेतलीय, स्वतंत्र. आई रोज फोन करते, जेवलास का विचारते. मागून बाबा खाकरतात तेवढं ऐकू येतं. ते बोलत नाहीत. मीही नाही. बघू कोण आधी दमतं.

तुला माझं शेवटचं आठवत असेल ते म्हणजे दार. तोच प्रश्न मी तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा सर म्हणाले, एवढ्यानं कळत नसेल तर घरी बसा. मग बसलोच घरी. जाताना दार असं आपटलं की वरची काच तडकली. तू मागून जिन्यात आलीस आणि म्हणालीस, ‘दार आपटून गणित सुटत नाही, उतावळ्या.’ त्यावर मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल, इथे पुन्हा उतरवत नाही. नंतर केलेले फोनही हिशेबात धरू नयेत ही विनंती. संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी उभा असायचो, ते दुसऱ्या कामासाठी. हे तेव्हाही खोटंच वाटलं होतं ना?

छाती ठोकून सांगितलं होतं मी, कॉलेज गेलं खड्ड्यात, सगळं नेटवर आहे. आणि आहे गं, खरंच आहे. एकाहून एक शिकवणारे, फुकटात, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. एकच वाक्य वीसदा ऐकलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. घरी बसा म्हणायची सोयच नाही, घरीच बसलेला. पहिला महिना तर मी हवेत होतो. ज्या गणितावरून माझा पाणउतारा झाला, ते एका परदेशी म्हाताऱ्यानं चेंडू आणि दोरी घेऊन असं समजावलं, की मी उठून त्याला नमस्कार केला. पडद्याला.

मग एक दिवस कुठंतरी अडलो. डोकं तापलं. नेहमीसारखं उठून ताडताड निघून जावं म्हटलं, तर दार कुठंय? पडद्यावर कोपऱ्यातली फुली दाबली. टक् सुद्धा वाजलं नाही. जिन्यात मागून कुणी आलं नाही. दर सोमवारी अजून एक निरोप येतो, ‘तुम्ही पुष्कळ पुढे आला आहात, आता थांबू नका.’ ज्याला कळत नाही मी केव्हाच उठून गेलोय, तो माझी पाठ थोपटतोय. असे डझनभर अर्धे कोर्स माझ्याकडे पडलेत. अर्धवटरावांची खाण आहे म्हण.

ते जाऊ दे. तुझ्या एका भक्ताची गोष्ट सांगतो. धड्याखाली लोक ज्या शंका लिहितात, त्या तुझ्याकडे पाठवण्याआधी मी चाळतो. त्यात एक अँब्युलन्सचे ड्रायव्हर आहेत. पेशंट आत पोचवला की पुढचा फोन येईपर्यंत गाडीतच बसून तुझे धडे बघतात. दहावी झाली की नोकरी पक्की होणार आहे. असा माणूस कुठल्या वर्गात जाऊन बसला असता? कोण त्याच्या वेळेला शिकवायला उभं राहिलं असतं? मला हे फार भारी वाटतं. म्हणजे तू भारी वाटतेस, पण धडेही.

तर त्यांनी लिहिलंय, ‘मॅडम, तुम्ही चूक लिहिता आणि लगेच पुसता. मला सापडायच्या आधी. जरा दम धरत जा.’

तुझ्याऐवजी मीच, एडिटर म्हणून, उत्तर दिलं, पॉज दाबा. त्यांचं उलट उत्तर आलं: ‘साहेब, दाबला असता. पण कुठे दाबायचा हे कळलं असतं, तर गणितच आलं नसतं का?’

मी दिवसभर त्या वाक्याभोवती फिरतोय. दम तू धरला होतास. मी कापला.

८ जुलै

या वेळी पाकीट झटकलं नाही. नुसतं आत वाकून बघितलं.

ऐक, मी एक गोष्ट केलीय आणि ती चांगली केलीय. कंसाच्या वर्गाचा धडा पुन्हा उघडला आणि तुझी गप्प जागा होती तिथे परत बसवली. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला?

आता तो धडा कसा दिसतो सांगू? तू चूक लिहितेस. वळतेस. थांबतेस. मग सावकाश मोठा चौकोन काढतेस, दोन कोपऱ्यांत दोन लहान चौकोन रंगवतेस, आणि उरलेल्या दोन कोऱ्या पट्ट्यांवर खडू टेकवून म्हणतेस, ‘आणि यांना कुणी विचारायचं?’ आधी हे वाक्य नुसतंच यायचं. आता ते येतं तेव्हा अंगावर येतं.

ड्रायव्हरसाहेब खूश. लिहितात, ‘गाडीतच ओरडलो, चूक! शेजारच्या सिस्टर दचकून म्हणाल्या, कुणाचं काय चुकलं? मी म्हटलं, मॅडमचं. त्या म्हणाल्या, कुठल्या मॅडम? मग त्यांनाही दाखवलं. आता दोघं बघतो.’

बघितलंस? एका गप्प जागेत दोन माणसं बसली.

फोल्डर बराच भरलाय. जेवताना लावतो. तू समोर, मी समोर, मधे डबा. आवाज नाही की काही नाही. एक गंमत लक्षात आली. तुझे सगळे थांबे एकाच लांबीचे आहेत. एकाखाली एक लावले तर कडेला कड जुळते. केवढा सराव म्हणायचा हा! आणि नजर जराही हलत नाही, सरळ माझ्याकडे. कॅमेऱ्याकडे बघते म्हणशील. म्हण. जिन्याखाली तू माझ्याकडे बघायचीस ती नजर मी ओळखणार नाही का?

परवा घरमालकीण मावशी भाडं मागायला आल्या, त्यांनी बघितलं. म्हणाल्या, मुलगी बोलत का नाही? मी म्हटलं, विचार करतेय. ‘नकार द्यायचा असेल तर एवढा विचार कशाला करेल?’ असं म्हणून गेल्या. मावशींना गणित येत नाही, पण माणसं कळतात.

२१ जुलै

लोक मूर्ख आहेत. हे मी तुला कॉलेजातही सांगायचो.

तुझ्या कानावर आलंच असेल. नसेल तर माझ्याकडून ऐकलेलं बरं. कुणीतरी तुझ्या धड्यातला तेवढाच तुकडा उचलला, तू चूक लिहितेस आणि वळून गप्प उभी राहतेस तेवढा, आणि वर लिहिलं, ‘गणिताच्या मॅडमना कंसाचा वर्ग येत नाही.’ तो सगळीकडे फिरतोय. खाली हसून लोळणारी तोंडं. एकानं लिहिलंय, मॅडमचं मशीन हँग झालं. दुसऱ्यानं त्याला गाणं जोडलंय. यात एडिटरचा काही संबंध नसतो हे तुला सांगायला नको. तो आपला जोडायचं ते जोडतो.

ग्राफसाहेबांनी बोलावून घेतलं. आरडाओरडा करत नाहीत ते, तोच तर ताप आहे. समोरच्याचा आवाज चढला तर मला लढता येतं. त्यांनी नुसती रेघ दाखवली. धडा सुरू होतो, रेघ सपाट चालते, आणि तुझ्या गप्प जागेशी येऊन कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. निम्मी माणसं तिथेच निघून गेली. काहींना वाटलं नेट अडकलं, काहींना वाटलं धडा संपला. साहेब म्हणाले, ही माणसं गेली तेव्हा फळ्यावर काय होतं?

काय होतं ते मला माहीत होतं.

‘म्हणजे ते चूक घेऊन गेले,’ साहेब म्हणाले. ‘आपल्याकडून.’

शंकांमध्ये आता तेच दिसतंय. पोरं वाद घालतायत, मॅडमनी स्वतः लिहून दाखवलं, वर्ग असाच करायचा. त्यांना कोऱ्या पट्ट्यांपर्यंत कुणी नेलंच नाही. ड्रायव्हरसाहेब एकटे किल्ला लढवतायत, पुढे बघा, पुढे बघा, असं प्रत्येकाला लिहितात. त्यांना कुणीतरी ‘मॅडमचा भाऊ का?’ असं विचारलंय.

साहेबांनी विचारलं, ही शांतता राहिली कशी? मी म्हटलं, बघतो.

२६ जुलै

मागचं पत्र नीट नव्हतं. मधलंच खाल्लं मी.

साहेबांना जाऊन सांगितलं की शांतता राहिली नव्हती, मी आणून बसवली होती. ती बाई जिन्याखाली असंच शिकवायची, मला असंच आलं, म्हणून. बोलता बोलता आवाज चढला माझा, नेहमीसारखा. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘चूक तुझी. पण चेहरा तिचा आहे ना.’ ठरवलेले उरलेले धडे झाले की तुला थांबवणार आहेत. मला नाही. मी म्हटलं, मला काढा. म्हणाले, तुला काढून तो तुकडा परत येणार आहे का?

असं कोंडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. आपटायला दारही नाही. आमच्या खोलीच्या दाराला वर लोखंडी हात बसवलाय. कितीही जोरानं ढकला, ते आपल्या वेळेनं, आपल्या चालीनं मिटतं. मी तीनदा करून बघितलं.

मग बसलो आणि एक विचार आला, तो तुला सांगतो. वर्गात तू थांबलीस की सगळे थांबतात. कळतं म्हणून नाही, उठून जायला धीर होत नाही म्हणून. लाजेनं का होईना, माणूस बरोबर उत्तरापर्यंत बसून राहतो. इथे प्रत्येकाच्या बोटाखाली दार आहे. मी त्या लोकांना मूर्ख म्हणालो. पण फळ्यावर अर्धं गणित असताना उठून जायची कला त्यांना कुणी शिकवली? आपल्या वर्गातून पहिला उठून गेलेला मीच की.

माझा राग आला असेल तर पाकिटात नुसता कोरा कागद टाक. मला कळेल.

१२ ऑगस्ट

शेवटची डिस्क मागच्या आठवड्यात आली. पाकिटात कोरा कागदही नव्हता.

धडा नेहमीसारखा झाला. काकांचा ‘हां, झालं’ आला. तिथे मी कापतो. पण तू हलली नाहीस. डस्टर हातात घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘उतावळ्या.’

मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं. खरंच.

‘पत्रं मिळाली,’ तू म्हणालीस. ‘सगळी. काकांनी आधी वाचली. त्यांना मावशी आवडल्या.’ मागून खोकला आला. ‘आता मी सांगते ते कापू नकोस, ऐक. तू जिला माझी नजर म्हणतोस, ती लेन्सच्या वर एक हिरवी पट्टी चिकटवलीय तिच्यावर असते. आणि मी गप्प असते तेव्हा मनात दहापर्यंत मोजते. म्हणून ते सगळे सारखे आहेत. जिन्याखाली मी कधी मोजलं नाही. तुझं तोंड बघायचे. कधी लगेच फुटायचास, कधी आठ्या पडायच्या, कधी रडवेला व्हायचास, मग मी एक खूण जास्त द्यायचे. एकदा तर दिवे लागेपर्यंत बसलो होतो. इथे कुणाचं तोंड बघू? म्हणून मोजते.’

मग तू तुकड्याबद्दल बोललीस. वाईट वाटलं, दोन दिवस घराबाहेर पडले नाही, म्हणालीस. माझ्यावर रागावलीस का ते सांगितलं नाहीस. धडे मात्र राहू देत म्हणालीस, ज्यांना दुसरी वाट नाही त्यांना ते लागतात. आणि रविवारी एका शाळेची खोली मागून घेतलीयस. घरी धडा बघायचा, जिथे अडलं ते घेऊन तिथे यायचं. ड्रायव्हरदादा गाडी बाहेर लावून येतात, सिस्टरना पण आणतात.

‘तुला यायचं असेल तर ये,’ तू म्हणालीस. ‘बाकावर बसायला. दुसऱ्या वर्षाचं गणित तसंच पडलंय तुझं. पत्र आणू नकोस, वही आण. आणि बाकीचं मनातून काढ. ते मी तेव्हाही सांगितलं होतं, तू फोन ठेवायच्या आत.’

मग ओल्या डस्टरनं फळा पुसलास, वरून खाली, आणि चौकटीबाहेर गेलीस. काका कॅमेरा बंद करायला विसरले असावेत. बराच वेळ ओला फळा वाळताना दिसत राहिला.

मी ते पुन्हा लावलं नाही. एकच वाक्य वीसदा ऐकणारा मी, एकदाच ऐकलं.

फोल्डर मात्र उघडला. डबा न उघडता. पहिलाच थांबा लावला, आणि इतक्या दिवसांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. तुझे ओठ हलतायत. अगदी जरासे. चार, पाच, सहा. मी तुझ्यासमोर बसून जेवत होतो आणि तू आकडे मोजत होतीस.

सगळं पुसून टाकलं. पुसायला वेळ लागला नाही.

एक काम करून ठेवलंय. साहेबांशी भांडून नाही, बसून बोलून. तुझ्या प्रत्येक चुकीपाशी आता शांतता नाही, धडा तिथे आपोआप थांबतो आणि फळ्याखाली अक्षरं येतात: ‘यात एक चूक आहे. सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ बोट लावल्याशिवाय हलत नाही. साहेबांनी रेघ बघितली. म्हणाले, कडा नाही, उतार आहे. चालेल. काही माणसं तरीही जातील. पण जाताना त्यांना ठाऊक असेल की चूक होती. तेवढंच जमलं मला. तोंड बघणं जमत नाही.

बाकीचं मनातून काढायचं म्हणालीस. ‘बघतो’ असं लिहिणार होतो, पण हे ‘बघतो’ मी काय टाळताना वापरतो ते तुला आता ठाऊक आहे. म्हणून सांगतो, निघत नाहीये. पण बाकावर त्याला जागा लागणार नाही, मी मांडीखाली घेऊन बसेन.

आईला सांगितलं, रविवारी शिकायला जातोय. तिनं जेवलास का विचारलंच नाही. मागचं खाकरणं थांबलं आणि बाबांचा आवाज आला, ‘वही आहे का त्याच्याकडे?’

आहे. नवी घेतलीय.

हे पत्र मी बरोबर आणत नाही. रिकाम्या डिस्कबरोबर पाठवतोय, म्हणजे माझ्या मागून पोचेल. काका, हे तुम्ही ठेवून घ्या.

शेवटच्या ओळी उभ्या उभ्या लिहितोय, कागद दारालाच टेकवून. उद्या रविवार. उजेड आहे अजून, गाडी मिळेल. समोरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर लाल दिवा लागलाय, कुणीतरी आत एकट्यानं शिकवतंय. माझ्या खोलीतला दिवा घालवला. पाकीट बाहेरच्या टेबलावर ठेवतो. वही काखेत. बाहेर येतो, आणि दार त्याच्या चालीवर न सोडता मुठीत धरून ओढतो, कडी बसेपर्यंत.